म्हाताऱ्या घोड्याच्या अंगावरील गाठी व ग्रंथिविकार

मार्गशीर्ष महिन्यात दत्तजयंतीच्या सुमारास तापी नदीच्या काठी सारंगखेडा येथे घोड्यांची मोठी यात्रा भरते. नंदुरबार जिल्ह्यातील शहादे तालुक्यात ही यात्रा भरत असली तरी धुळे व जळगाव जिल्ह्यांतील घोडेवाल्यांस ती आपल्या घरचीच वाटते. तेथे घोड्याची खरेदी करताना दात, रंग, चाल, भोवरे व डोळे हे सर्व बारकाईने पाहिले जाते. परंतु खरेदी केलेल्या जनावराने दहा-पंधरा वर्षे सेवा केल्यावर त्याच्या शरीरात कोणते फरक पडतात, याकडे तितकेसे लक्ष दिले जात नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

एरंडोल येथील एका घोडेवाल्याकडे अठरा वर्षांची पांढरी घोडी आहे, असे समजू. लग्नसराईत वरातीच्या मिळकतीवर त्याच्या घराचा बराचसा खर्च चालतो. घोडीच्या शेपटीखाली बोराएवढ्या तीन-चार काळ्या गाठी आल्या आहेत. डोळ्यांच्या वरच्या खळग्या भरून येऊन तेथे उंचवटे दिसू लागले आहेत. चैत्र संपत आला तरी हिवाळ्यातील केस गळालेले नाहीत आणि अलीकडे ती चालताना अडखळते. शेजारी एक म्हणतो, ‘गाठींना डाग द्या.’ दुसरा म्हणतो, ‘यात्रेत विकून मोकळे व्हा.’ तिसरा म्हणतो, ‘वय झाले, त्याला इलाज नाही.’ हे तिन्ही सल्ले चुकीचे आहेत. ते चुकीचे का आहेत, व घोडेवाल्याने आणि गावपातळीवरील कार्यकर्त्याने त्याऐवजी काय करावे, हे क्रमाने पाहू.

प्रथम वय ठरवावे

गाठींचा व ग्रंथिविकाराचा विचार करताना जनावराचे वय माहीत असणे आवश्यक आहे. विकत घेतलेल्या घोड्याचे खरे वय पुष्कळदा मालकासही ठाऊक नसते. अशा वेळी वरच्या जबड्यातील पुढच्या दातांपैकी अगदी कडेचा दात पाहावा. दहाव्या वर्षाच्या सुमारास या दातावर हिरडीलगत एक पिवळसर उभी खाच दिसू लागते. पंधराव्या वर्षाच्या सुमारास ती दाताच्या निम्म्यापर्यंत येते आणि विसाव्या वर्षाच्या सुमारास दाताच्या टोकापर्यंत पोचते. पुढे ती हिरडीकडून नाहीशी होऊ लागते. हा अंदाज एक-दोन वर्षांनी चुकू शकतो. तथापि घोडा पंधरा वर्षांच्या अलीकडचा की पलीकडचा, एवढे त्यावरून बहुधा कळते, व आपल्या कामापुरते तेवढे पुरेसे आहे.

सर्वांत आधी वगळावयाचा रोग : ग्लँडर्स

घोड्याच्या अंगावर गाठ दिसली की पहिला प्रश्न असा विचारावा : हा ग्लँडर्स तर नाही ना? कारण हा एकच रोग असा आहे की, ज्यामुळे घोडा, गोठ्यातील इतर घोडे-गाढवे-खेचरे आणि त्यांची निगा राखणारी माणसे, या सर्वांच्या जिवास धोका पोचतो.

ग्लँडर्स हा जंतुजन्य रोग आहे. त्याच्या एका प्रकारात नाकातून घट्ट, पिवळसर, क्वचित रक्तमिश्रित स्राव वाहतो व नाकपुडीच्या आतील त्वचेवर व्रण पडतात. जबड्याखालील गाठ सुजून कठीण होते. त्वचेच्या प्रकारात मागील पायांच्या आतील बाजूस, पोटावर किंवा मानेवर एका ओळीत, माळेतील मण्यांप्रमाणे गाठी येतात. त्या फुटतात आणि त्यांतून मधासारखा चिकट स्राव येतो. या प्रकारास पूर्वी ‘फार्सी’ म्हणत. हिंदुस्थानात १८९९ साली जो ‘ग्लँडर्स आणि फार्सी’ कायदा झाला, त्याच्या नावातच या गाठींचा उल्लेख आहे. तो कायदा रद्द होऊन आता २००९ चा प्राण्यांतील संसर्गजन्य व सांसर्गिक रोगांच्या प्रतिबंधाचा व नियंत्रणाचा कायदा लागू आहे. हा रोग इतिहासजमा झाला, अशी कोणाची समजूत असल्यास ती बरोबर नाही. २००६ मध्ये महाराष्ट्रात पुणे व पाचगणी या भागांतील घोड्यांत तो पुन्हा आढळला होता.

ग्लँडर्सवर लस नाही. रोगी घोड्यावर उपचार करण्यासही परवानगी नाही. रक्ताच्या तपासणीने रोग निश्चित झाल्यास ते जनावर शास्त्रीय रीतीने नष्ट करावे लागते. त्याकरिता मालकास भरपाई देण्याची तरतूद आहे. म्हणून रोग लपविण्यात मालकाचा काहीही फायदा नाही. शंकेचे जनावर यात्रेत नेल्यास मात्र शेकडो घोड्यांना व त्यांच्या मालकांना धोका उत्पन्न होतो.

ओळीने आलेल्या व फुटलेल्या गाठी, नाकातून एकसारखा वाहणारा स्राव, ताप किंवा झपाट्याने येणारा अशक्तपणा यांपैकी काहीही दिसल्यास पुढीलप्रमाणे वागावे. जनावर इतरांपासून वेगळे बांधावे. त्याची बादली, गव्हाण, खरारा व लगाम दुसऱ्या जनावरास वापरू नये. गाठीस हात लावू नये, ती फोडू नये. निगा राखणाऱ्याने हातमोजे घालावेत व तोंड-नाक झाकून घ्यावे. मालकाने ग्रामपंचायतीस किंवा सरकारी पशुवैद्यास ताबडतोब खबर द्यावी. तशी खबर देणे कायद्याने बंधनकारक आहे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. घोड्याच्या सान्निध्यातील माणसास ताप आल्यास अथवा त्वचेवर फोड उठल्यास त्याने डॉक्टरांकडे जावे आणि आपण घोड्यांत वावरतो हे त्यांस आवर्जून सांगावे.

इतर गाठी कोणत्या?

ग्लँडर्स नाही असे ठरल्यानंतर इतर शक्यतांचा विचार करावा. गाठ कोठे आहे, किती दिवसांपासून आहे, दुखते काय आणि वाढते काय, या चार प्रश्नांच्या उत्तरांनी पशुवैद्याचे निम्मे काम होते.

ज्या घोड्याचे शिंगरू जन्मतः काळे, तांबडे किंवा करडे असून वयाबरोबर पांढरे होते, त्याची कातडी केसांखाली काळीच राहते. अशा घोड्यांत शेपटीखाली, गुदद्वाराभोवती, जननेंद्रियापाशी, ओठांवर व कानामागे काळ्या, टणक, न दुखणाऱ्या गाठी येतात. हा रंगद्रव्याच्या पेशींचा अर्बुद होय. पंधरा वर्षांवरील अशा पांढऱ्या घोड्यांपैकी बहुसंख्य घोड्यांत तो थोड्याफार प्रमाणात आढळतो. रंग पांढरा होण्यास कारणीभूत असलेला आनुवंशिक बदलच या गाठींचेही मूळ आहे, असे स्वीडनमधील संशोधकांनी २००८ साली दाखविले. या गाठी पुष्कळ वर्षे सावकाश वाढतात. परंतु त्यांपैकी काही शरीरात आत पसरतात, तर काही मोठ्या होऊन शौचास किंवा शेपटी उचलण्यास अडथळा करतात. म्हणून त्यांची नोंद ठेवावी आणि लहान असतानाच पशुवैद्यास दाखवाव्यात. शस्त्रक्रिया करावयाची झाल्यास लहान गाठ काढणे सोपे जाते.

जन्मतः पांढरा असलेला नुकरा घोडा मात्र निराळा. त्याची कातडी गुलाबी असते. त्याला या काळ्या गाठींचे भय कमी; परंतु खानदेशच्या कडक उन्हात पापण्या, नाकपुड्या व जननेंद्रिय या जागी न भरणारी, फुलकोबीसारखी वाढणारी जखम होऊ शकते. तो कर्करोग असू शकतो. अशा घोड्याच्या पापणीवर लहानसा व्रण महिनाभर राहिल्यास थांबू नये.

चामखिळीसारखी दिसणारी, कधी सपाट व केस गेलेली, तर कधी फुटून रक्त येणारी गाठ हा ‘सार्कॉइड’ नावाचा त्वचेचा अर्बुद असू शकतो. घोड्यांच्या त्वचेवरील अर्बुदांत हाच सर्वांत अधिक आढळतो. गाईगुरांच्या चामखिळीच्या विषाणूशी त्याचा संबंध आहे. ही गाठ अर्धवट कापली किंवा दोऱ्याने ओढून बांधली तर ती पुष्कळदा दुप्पट जोमाने वाढते.

पावसाळ्यात माश्यांच्या उपद्रवाबरोबर डोळ्याच्या कोपऱ्यात, पायावर किंवा जननेंद्रियावर खाज सुटणारी, दाणेदार जखम होते. तिला आपल्याकडे ‘बरसाती’ म्हणतात. माश्यांनी आणून सोडलेल्या कृमींच्या अळ्या जखमेत शिरल्याने ती होते. थंडी पडल्यावर ती आपोआप कमी होते, पण पुढील पावसाळ्यात पुन्हा उद्भवते. जंतनाशक औषध, माश्यांचा बंदोबस्त व लीद वेळीच हलविणे हा तिच्यावरील उपाय होय.

खोगिराखाली व तंगाच्या जागी येणाऱ्या गाठी बहुधा घर्षणाच्या असतात. खोगिराची भरण बसली असेल, घोडा वाळल्यामुळे खोगीर सैल पडले असेल, तर गाठीवर औषध लावण्याआधी खोगीर दुरुस्त करावे. एका रात्रीत सर्वांगावर उठून दुसऱ्या दिवशी मावळणारे गांधे हे पित्ताचे असतात. पोटाखाली व पायांवर बोटाने दाबल्यास खळगा पडणारी मऊ सूज, अधूनमधून येणारा ताप व खाऊनही वाळत जाणे ही लक्षणे सर्रा रोगाची असू शकतात. चावणाऱ्या मोठ्या माश्यांमार्फत पसरणाऱ्या या रोगाचा परजीवी ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये हिंदुस्थानातच शोधून काढला. रक्ताची काच तपासून त्याचे निदान होऊ शकते व त्यावर औषध आहे. म्हाताऱ्या घोड्याच्या अशक्ततेचा दोष वयावर ढकलण्यापूर्वी ही तपासणी अवश्य करून घ्यावी.

गाठीसारखे दिसते, परंतु गाठ नव्हे

आता आपल्या घोडीच्या डोळ्यांवरील उंचवट्यांकडे वळू. सर्वसाधारणपणे घोडा म्हातारा झाला की डोळ्यांच्या वरचे खळगे अधिक खोल होतात. येथे उलट घडले आहे. खळगे भरून वर आले आहेत. मानेच्या वरच्या कडेवर, आयाळीखाली, तसेच शेपटीच्या मुळाशी व खांद्यामागेही असेच मऊ उंचवटे आढळतात. ते हाताला भरीव लागतात, दुखत नाहीत व फुटत नाहीत. ही चरबी होय. पाठीचा कणा व बरगड्या दिसू लागल्या असताना चरबी अशी ठिकठिकाणी साठावी, ही गोष्ट पोसण्याच्या दोषाने होत नाही. ती शरीरातील अंतःस्रावांच्या बिघाडाची खूण असते.

मेंदूच्या तळाशी पीयूषिका नावाची लहानशी ग्रंथी असते. ती रक्तात जी संप्रेरके सोडते, त्यांच्या योगाने शरीरातील इतर ग्रंथींचे कार्य चालते. या ग्रंथीच्या मधल्या भागावर मेंदूतील काही चेतापेशी डोपामीन या द्रव्याच्या द्वारे अंकुश ठेवतात. घोडा वृद्ध झाल्यावर या चेतापेशी झिजू लागतात. लगाम सैल पडलेल्या घोड्याप्रमाणे ग्रंथीचा हा भाग मग अनिर्बंध काम करू लागतो, फुगतो व संप्रेरके प्रमाणाबाहेर सोडतो. हार्वे कुशिंग या अमेरिकन शल्यविशारदाने १९३२ साली माणसातील ज्या रोगाचे वर्णन केले, त्याच्याशी काही साम्य असल्याने घोड्यातील या विकारासही बराच काळ ‘कुशिंगचा रोग’ म्हणत आले. घोड्यात मात्र बिघाडाची जागा ग्रंथीच्या मधल्या भागात असते. ग्रंथी फुगली तरी ती कवटीच्या आत असल्याने बाहेरून दिसत नाही.

हा विकार दुर्मिळ नाही. परदेशांत झालेल्या पाहण्यांत पंधरा वर्षांवरील सुमारे पाच घोड्यांमागे एकात तो आढळला आहे. त्याची लक्षणे अशी :

१. केस लांब व दाट वाढणे, आणि उन्हाळा लागूनही ते न गळणे. सुरुवातीस हनुवटीखाली, पोटावर व पायांच्या मागील बाजूस असे केस राहतात. एप्रिल-मेच्या उन्हात घोडा केसाळ दिसला, तर एवढ्या एका लक्षणावरूनही संशय घ्यावा.
२. पाठीवरचे व पुठ्ठ्यांवरचे मांस झडणे, व त्याबरोबर पोट खाली लोंबणे.
३. डोळ्यांवर, मानेवर व शेपटीच्या मुळाशी चरबीचे उंचवटे.
४. पाणी फार पिणे व लघवी फार होणे. मध्यम बांध्याचा घोडा ऊन नसलेल्या दिवशी साधारणपणे २० ते ३० लिटर पाणी पितो. बादली मोजून तीन दिवस नोंद ठेवल्यास फरक कळतो.
५. कारणाशिवाय घाम येणे किंवा घाम न येणे, सुस्तपणा, शिंगरू नसताना कासेत दूध येणे.
६. जखमा लवकर न भरणे, तळव्यात वरचेवर पू होणे, जंतांचा उपद्रव वाढणे.
७. खुरांचा दाह.

आणखी एक गोष्ट येथे स्पष्ट करणे जरूर आहे. पीयूषिकेच्या या विकारामुळे शेपटीखालच्या काळ्या गाठी होतात, असे सिद्ध झालेले नाही. दोन्ही विकार वृद्धपणी येतात, म्हणून ते एकाच जनावरात एकत्र आढळतात. म्हणून गाठीचे निदान झाले, आता इतर काही पाहावयास नको, असे समजू नये.

खरा धोका खुरांत आहे

या विकाराने घोडा सहसा एकदम मरत नाही. त्याचा घात होतो तो खुरांच्या दाहाने. ग्रंथिविकार झालेल्या पुष्कळ घोड्यांत इन्शुलिन या संप्रेरकाचे रक्तातील प्रमाण फार वाढते. त्यायोगे खुराच्या भिंतीला आतील हाडाशी जोडणाऱ्या पापुद्र्यांची पकड सुटू लागते. हाड खाली कलते, व रोग वाढल्यास तळवा भेदूनही बाहेर येते. वेदना अत्यंत तीव्र असतात.

असा घोडा पुढचे पाय पुढे टाकून, भार मागच्या पायांवर घेऊन उभा राहतो. वळताना तो फार कष्टाने वळतो. मऊ जमिनीवर बरा चालतो पण खडीवर अडखळतो. खूर हाताला गरम लागतात व खुराच्या वर मागील बाजूस नाडी जोराने उडते. जुन्या दाहाची खूण म्हणजे खुरावरील वळ्या. त्या पुढे अरुंद व टाचेकडे रुंद होत जातात.

दाहाची शंका आल्याबरोबर घोड्याचे काम थांबवावे. त्याला चालवून ‘मोकळे’ करण्याचा प्रयत्न करू नये. वाळूच्या किंवा मऊ मातीच्या जाड थरावर त्यास उभे करावे. दाणा, गूळ व हिरवा चारा ताबडतोब बंद करावा. पहिल्या दोन दिवसांत खूर सतत थंड पाण्यात किंवा बर्फाच्या पाण्यात ठेवल्यास उपयोग होतो. पशुवैद्यास त्याच दिवशी बोलवावे.

लग्नसराईत घोडीला प्रेमाने गूळ, पेढे व भिजविलेले हरभरे चारण्याची प्रथा आहे. निरोगी तरुण घोडीस थोड्या प्रमाणात त्याने बाधा होत नाही. परंतु ग्रंथिविकार असलेल्या वृद्ध घोडीस हाच मान जिवावर बेतू शकतो. घोडेवाल्याने वरपक्षास तसे नम्रपणे पण निक्षून सांगावे.

याच कारणाने एका औषधाविषयी इशारा द्यावासा वाटतो. गाठ, खाज किंवा लंगडणे यांकरिता काही ठिकाणी तपासणीवाचून स्टेरॉइडचे इंजेक्शन टोचले जाते. सूज तात्पुरती उतरते, म्हणून मालकास समाधान वाटते. परंतु ग्रंथिविकार असलेल्या घोड्यात या औषधाने खुरांचा दाह उद्भवण्याचा धोका असतो. पशुवैद्याशिवाय इतर कोणाकडूनही असे इंजेक्शन देववू नये, आणि पशुवैद्यास घोड्याचे वय व केसांची स्थिती आधी सांगावी.

डाग देण्याने यांपैकी एकाही विकारास गुण येत नाही. डागलेली जागा भाजते, माश्या बसतात, आणि ग्रंथिविकार असलेल्या घोड्याची जखम आधीच लवकर भरत नसल्याने ती चिघळते. शिवाय गाठीचे मूळ स्वरूप नष्ट झाल्यामुळे पुढील निदान कठीण होते.

निदान व उपचार

पूर्ण वाढलेल्या रोगाचे निदान पशुवैद्य केवळ पाहूनही करू शकतात. सुरुवातीच्या अवस्थेत मात्र रक्तातील एसीटीएच या संप्रेरकाचे प्रमाण मोजावे लागते. नमुना ईडीटीए घातलेल्या नळीत घेऊन बर्फावर ठेवावा लागतो व काही तासांत त्यातील द्रव वेगळा करावा लागतो. तालुक्याच्या ठिकाणाहून तो पाठविताना ही व्यवस्था आधीच करून ठेवावी. ऑगस्ट ते ऑक्टोबर या महिन्यांत निरोगी घोड्यांतही हे प्रमाण वाढलेले आढळते. वेदना व भीती यांनीही ते वाढते. यास्तव माणसांच्या प्रयोगशाळेतून आलेला आकडा माणसाच्या मापाने न वाचता घोड्याच्या व ऋतूच्या मापाने वाचावा लागतो. हे काम पशुवैद्याचे आहे. शक्य असल्यास इन्शुलिनचे प्रमाणही पाहून घ्यावे. गाठीचे निदान करावयाचे झाल्यास तिचा लहान तुकडा फॉर्मॅलिनमध्ये घालून तपासणीस पाठवितात. मुंबईत परळ येथे १८८६ साली स्थापन झालेले पशुवैद्यक महाविद्यालय, तसेच १९५८ साली सुरू झालेले नागपूरचे महाविद्यालय यांचा सल्ला स्थानिक पशुवैद्यामार्फत घेता येतो.

ग्रंथिविकार समूळ बरा होत नाही, परंतु तो आटोक्यात ठेवता येतो. डोपामीनप्रमाणे काम करणारे पर्गोलाइड हे औषध रोज तोंडावाटे आयुष्यभर द्यावे लागते. त्याने केस, उत्साह व पाणी पिणे यांत फरक पडतो. आरंभी काही घोड्यांची भूक मंदावते. तसे झाल्यास मात्रा बदलावी लागते. हे औषध केवळ पशुवैद्याच्या चिठ्ठीने व देखरेखीखाली द्यावे, आणि गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी ते हाताळू नये. औषधाचा खर्च पेलत नसेल, तरी पुढे सांगितलेली निगा राखल्यास जनावराचे हाल पुष्कळ कमी होतात.

चारा व निगा

घोड्याचे वजन काट्याशिवायही अजमावता येते. पुढच्या पायांमागे छातीचा घेर व खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजावी. घेरास घेराने गुणून त्यास लांबीने गुणावे, व ११,८८० ने भागावे. उदाहरणार्थ, घेर १६० व लांबी १४५ असल्यास वजन सुमारे ३१२ किलो भरते. दर महिन्यास अशी नोंद केल्यास घोडा वाळतो आहे की सुटतो आहे, हे डोळ्यांपेक्षा अधिक खात्रीने कळते.

अशा घोड्यास रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा द्यावा. वरील घोडीस तो पावणेपाच ते सव्वासहा किलो होतो. वाळलेले गवत अर्धा ते एक तास पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून दिल्यास त्यातील साखर कमी होते. गूळ, उसाचे वाढे, धान्याचा भरडा व शिळ्या पोळ्या देऊ नयेत. कोवळी हिरवी ज्वारी कोणत्याही घोड्यास घालू नये. घोडा वाळलेला असल्यास त्याला उपाशी ठेवू नये. दाण्याऐवजी कोणते पौष्टिक खाद्य द्यावे, हे पशुवैद्यास विचारावे.

उन्हाळ्यापूर्वी वाढलेले केस कातरून टाकावेत. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर तासून घ्यावेत. वर्षातून एकदा दात तपासावेत, कारण दातांच्या टोकांमुळे चघळता न आल्यानेही म्हातारा घोडा वाळतो. लिदीची तपासणी करून जंताचे औषध द्यावे. सावली व भरपूर पाणी यांत कधीही कसूर करू नये.

गाठींची नोंद वहीत करावी : तारीख, जागा व आकार. हरभऱ्याएवढी, बोराएवढी, लिंबाएवढी असे लिहिले तरी चालेल. दोन महिन्यांत बोराचे लिंबू झाले, हे पशुवैद्यास फार मोलाचे वाटते.

त्या घोडीचे काय करावे?

आता आपल्या एरंडोलच्या घोडीकडे परत येऊ. तिच्या गाठी काळ्या, कोरड्या, न फुटलेल्या व शेपटीखाली आहेत. नाक स्वच्छ आहे. म्हणून ग्लँडर्सची शक्यता कमी आहे. तरीही रक्ततपासणी करून घेणे हे शहाणपणाचे, विशेषतः ती इतर घोड्यांत वावरत असल्यास. गाठी बहुधा पांढऱ्या घोड्यांत येणाऱ्या काळ्या अर्बुदाच्या असाव्यात व त्यांवर नजर ठेवणे पुरेसे ठरेल. परंतु न गळलेले केस, भरलेले डोळ्यांवरचे खळगे आणि अडखळती चाल ही तिन्ही एकत्र पाहता ग्रंथिविकार व खुरांच्या दाहाचा आरंभ यांची दाट शंका येते. तिला ताबडतोब विश्रांती द्यावी, गूळ-दाणा बंद करावा व पशुवैद्यास बोलवावे. दाह आटोक्यात आला, तर पशुवैद्याच्या संमतीने ती पुढे हलके काम करू शकेल. परंतु दुखऱ्या खुरांनी डांबरी रस्त्यावर वाद्यांच्या तालावर नाचविल्यास एका वरातीच्या मिळकतीसाठी घोडी कायमची गमावण्याचा प्रसंग येईल.

तिला विकावयाचेच असल्यास घेणाऱ्यास तिचे वय, गाठी व विकार स्पष्टपणे सांगावेत. रोग दडवून विकलेल्या घोडीचे हाल दुसऱ्याच्या दारात होतात, व विकणाऱ्याचा शब्द पुढच्या यात्रेत कोणी मानत नाही. खुरांचा दाह इतका वाढला की उपचाराने वेदना थांबत नाहीत, तर तिला वेदनारहित मरण देण्याविषयी पशुवैद्याशी मोकळेपणाने बोलावे. बारा-पंधरा वर्षे ज्या जनावराने घर चालविले, त्याच्याबाबत हेही मालकाचे कर्तव्यच आहे.

कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

१. गाठ दिसताच डाग देणे, कापणे, फोडणे किंवा बांधणे टाळावे.
२. ओळीने येणाऱ्या, फुटणाऱ्या गाठी व नाकातील स्राव आढळल्यास ग्लँडर्सची शंका धरून जनावर वेगळे करावे व त्याच दिवशी खबर द्यावी.
३. पंधरा वर्षांवरील प्रत्येक घोड्याचे केस, डोळ्यांवरील खळगे, पाठ व खूर दर वर्षी होळीनंतर एकदा पाहावेत.
४. उन्हाळ्यात केस न गळणे हे म्हातारपणाचे लक्षण समजू नये. ते रोगाचे लक्षण आहे.
५. पशुवैद्याच्या तपासणीवाचून स्टेरॉइडचे इंजेक्शन देऊ देऊ नये.
६. वृद्ध घोडीस गूळ-पेढे चारू नयेत, असे लग्नघरी सांगावे.

आपल्या गावात व शेजारच्या वस्त्यांवर पंधरा वर्षांवरील घोडे किती आहेत, याची यादी कार्यकर्त्याने या महिन्यातच करावी. वरातीच्या घोड्या, टांग्याचे घोडे व मेंढपाळांच्या काफिल्यातील तट्टे ही सर्व त्यात धरावीत. यादी हाती असली म्हणजे पशुवैद्याचे पथक गावात येईल त्या दिवशी ही सर्व जनावरे एकाच ठिकाणी तपासून घेता येतील.